विस्थापित मुले : शिधा मिळाला, शाळेचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाच्या मध्यवर्ती नेतृत्वातील मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. विदर्भाच्या पूर्व टोकावर चार दशके चाललेल्या एका संघर्षाचा शेवट त्यामुळे दृष्टिपथात आला, असे सर्वांनीच म्हटले. त्यानंतर चर्चा कशाची झाली, हे पाहण्यासारखे आहे. किती बंदुका जमा झाल्या, कोणावर किती इनाम होते, आत्मसमर्पण करणाऱ्यांना पुनर्वसनापोटी काय मिळणार, सुरजागडच्या लोहखनिजावर पोलादाचे किती कारखाने उभे राहतील, यांचे हिशेब मांडले गेले. हे हिशेब आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु या चाळीस वर्षांत त्या जंगलात जन्मलेल्या, रातोरात गाव सोडावे लागलेल्या, शाळा मध्येच सुटलेल्या मुलांचा हिशेब त्यांत कोठेही आढळत नाही. ज्याने बंदूक उचलली आणि खाली ठेवली, त्याच्यासाठी शासनाचे धोरण २००५ पासून आहे. ज्याने बंदूक कधी हातीच घेतली नाही, पण तिच्या धाकाने ज्याची चौथी-पाचवीची वर्षे वाया गेली, त्याच्यासाठी मात्र तसे धोरण नाही.

सशस्त्र संघर्षात सापडलेल्या बालकांचे साहाय्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाझा, सुदान, युक्रेन येथील दृश्ये येतात. ती यावीत हे योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या हिशेबानुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने घरादाराला मुकलेली होती आणि त्यांत मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. जगाच्या लोकसंख्येत मुलांचा वाटा ३० टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे युद्धाची झळ मुलांना त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक लागते. पण हा प्रश्न दूरदेशीचा आहे, आपण फार तर सहानुभूती दाखवावी आणि वर्गणी द्यावी, ही समजूत बरोबर नाही. महाराष्ट्राने हा प्रश्न आपल्या अंगणात एकदा नव्हे, चार-पाच वेळा पाहिला आहे. त्या अनुभवांचा जमाखर्च मांडला तर एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो : विस्थापित मुलाला अन्न आणि औषध देऊन आपण त्याचा जीव वाचवितो. परंतु त्याचे विस्थापन संपते ते शाळेच्या पटावर त्याचे नाव चढून तेथून मिळालेला दाखला पुढे चालतो तेव्हाच. पहिले काम आपण पुष्कळदा उत्तम केले आहे, दुसरे बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडले आहे.

वळिवडेची छावणी

पहिला अनुभव कोल्हापूरचा. १९३९ मध्ये पोलंडची फाळणी झाली आणि त्या देशाच्या पूर्व भागातील लक्षावधी नागरिकांना सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर या लोकांची सुटका झाली. उपासमार, विषमज्वर यांतून जे वाचले ते इराणमार्गे निरनिराळ्या देशांत पांगले. त्यांतील अनाथ मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये भारतात आली. काही महिने मुंबईजवळ वांद्र्याला राहून ती नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे उभारलेल्या छावणीत गेली. पुढे १९४३ मध्ये कोल्हापूरजवळील वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले आणि त्यांत बायका व मुले यांचेच प्रमाण मोठे होते. क्षयाची बाधा झालेल्यांची व्यवस्था पाचगणीला करण्यात आली.

या छावणीची हकिगत आता पुष्कळांना ठाऊक आहे. कोल्हापुरात तिचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला भेट दिल्यामुळे ती देशभर चर्चिलीही गेली. कोल्हापूरकरांच्या औदार्याचा त्या निमित्ताने गौरव झाला, तो यथोचितच आहे. तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्या छावणीतील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. साध्या बराकींच्या त्या वस्तीत बालवाडीपासून माध्यमिक शिक्षणापर्यंतचे वर्ग प्रारंभापासून चालत होते. शिक्षक निर्वासितांमधलेच होते. शिक्षण पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमानुसार होत होते. बालवीर पथके होती, नाटके होत होती, रुग्णालय होते. ही मुले परत कोठे जाणार, त्यांचा देश नकाशावर उरणार की नाही, हे त्या वेळी कोणालाही सांगता आले नसते. तरीही त्यांचे शालेय वर्ष बुडू द्यायचे नाही, एवढा निश्चय व्यवस्थेने केला होता. १९४७-४८ मध्ये छावणी मोडली आणि ही मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी जगभर गेली, तेव्हा त्यांच्यापाशी मालमत्ता नव्हती, पण शिक्षण होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वळिवडेचा बहुतांश खर्च लंडनमधील पोलंडच्या परागंदा सरकारच्या व ब्रिटिशांच्या तिजोरीतून झाला. आपण जागा दिली, शेजार दिला, सद्भाव दिला. परंतु त्या वर्षी सद्भावही स्वस्त नव्हता. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुंबईत त्याच वर्षी शिधावाटप सुरू झाले होते. ज्या देशाची स्वतःची मुले कलकत्त्याच्या पदपथांवर मरत होती, त्याच देशाच्या एका कोपऱ्यात परक्या मुलांची शाळा भरत होती. या विसंगतीचा दोष त्या मुलांकडे जात नाही. बंगालमधील मुलांसाठी तशी व्यवस्था करण्याची राज्यकर्त्यांची इच्छा नव्हती, एवढेच त्यातून सिद्ध होते. ‘आधी आपले, मग परके’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, वळिवडे बंद ठेवले असते म्हणून बंगालमधील एकही मूल वाचले नसते.

वळिवडेच्या त्याच जागेत पुढे सिंधी निर्वासित आले आणि ‘गांधीनगर’ वसले. आज ती कापडाची मोठी बाजारपेठ आहे. नागपूरच्या वाचकाला यासाठी कोल्हापूरला जाण्याचेही कारण नाही. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांनी दुकानांच्या पाठोपाठ शाळा काढल्या, शिक्षणसंस्था स्थापन केल्या, आणि पाचपावलीच्या सिंधू महाविद्यालयात आज सर्व जातिधर्मांची मुले शिकतात. सिंधी समाज व्यापारामुळे सावरला, असे आपण सहज म्हणतो. त्याने शाळा काढण्याची घाई केली होती, याचा आपल्याला विसर पडतो.

पाच पैशांचे तिकीट

दुसरा अनुभव १९७१ चा. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. वयस्क वाचकांना आठवत असेल की, नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक टपालावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावावे लागत असे. प्रारंभी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘निर्वासित साहाय्य’ अशा अर्थाचा शिक्का मारून काम भागविण्यात आले. पुढे वेगळे तिकीट निघाले. रेल्वे आणि विमान प्रवासावरही अधिभार बसला. १९७३ च्या मार्चअखेर टपालावरचा हा कर उठला. सार्वजनिक अर्थव्यवहार शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पोस्टकार्ड पाठविणाऱ्या कारकुनानेही वाटा उचलला आणि कोणावरही असह्य भार पडला नाही. परदेशांची मदत आली, पण ती खर्चाच्या मानाने अपुरी होती. दरडोई उत्पन्नात जगाच्या तळाशी असलेल्या देशाने एक कोटी पाहुण्यांना जेवू घातले, ही घटना आपल्या आर्थिक इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे.

त्याच छावण्यांमध्ये एक वैद्यकीय क्रांतीही घडली. सीमेवरील बनगाव येथे पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे क्षारद्रव संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडावाटे पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आईबापांकडे, नातेवाइकांकडे सोपविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज जगभर अतिसाराच्या रुग्णांना जी जलसंजीवनी देतात, तिची मोठी कसोटी या निर्वासित छावणीत लागली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या प्रसंगाचा धडा केवळ वैद्यकाचा नाही. साहाय्याचे साधन स्वस्त असेल आणि ते पीडित कुटुंबांच्याच हाती देता येत असेल, तर ते सर्वांत दूरवर पोहोचते. बनगावात डॉक्टर थोडे होते, म्हणून आयांना पाजायला शिकविले. वळिवडेला बाहेरून शिक्षक आणणे अशक्य होते, म्हणून निर्वासितांतून शिक्षक निवडले. दोन्ही ठिकाणी यश आले ते पीडितांना नुसते हात पसरायला न लावता कामाला लावल्यामुळे.

छावणी मोडल्यानंतर

परंतु १९७१ च्या या उजळ चित्राच्या आधीची आणि नंतरची एक बाजू नागपूरच्या फार जवळची आहे. पूर्व बंगालमधून पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत आलेल्या, बहुतांशी नामशूद्र शेतकरी कुटुंबांना बंगालमध्ये जागा नाही असे ठरवून रायपूरजवळच्या माना छावणीत आणि तेथून दंडकारण्यात पाठविण्यात आले. १९५८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प निर्माण झाला. काही कुटुंबे तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत वसविण्यात आली. मूळची ही माणसे पाणथळ खाडीप्रदेशातील, त्यांना दिली ती कोरडवाहू जंगलजमीन. या प्रकल्पाचे काही काळ अध्यक्ष असलेले सैबालकुमार गुप्त यांनी १९६५ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’तून त्याच्या उणिवांची जी चिकित्सा केली, ती आजही वाचनीय आहे. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली. तेथे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शाळाही उभारली. १९७९ मध्ये राज्य सरकारने नाकेबंदी करून त्यांना हुसकावले. उपासमार आणि रोगराईने मेलेल्यांत मुले होती.

जी कुटुंबे चंद्रपूर-गडचिरोलीत राहिली, त्यांची तिसरी पिढी आता महाविद्यालयांत येते आहे. मुले मराठी उत्तम बोलतात, कष्टाळू आहेत. पण प्रवेशाच्या खिडकीपाशी ती अडतात. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र ही अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. शिवाय जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाला शासनानेच १९६४ नंतर येथे आणून बसविले, त्याने १९५० चा महसुली उतारा कोठून आणावा? शासनाने जमीन दिली, घर दिले, पण कागद दिला नाही. आजोबांचे विस्थापन अशा रीतीने नातवाच्या अर्जावर साठ वर्षांनी पुन्हा उमटते. महाविद्यालयांच्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. त्यात त्यांचा दोष नाही, नियमात त्या मुलासाठी रकानाच नाही.

याच्याशी तिबेटी निर्वासितांची तुलना करून पाहावी. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी मुलांसाठी पंडित नेहरूंच्या आग्रहाने वेगळ्या शाळा काढण्याचे ठरले आणि १९६१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी स्वायत्त यंत्रणाच निर्माण केली. त्या वेळच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ ची. नागपुरात हिवाळ्यात लोकरी कपडे घेऊन बसणारे तिबेटी विक्रेते आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचे जीवन सुखाचे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्यांची मुले निरक्षर राहिली नाहीत, भाषेला मुकली नाहीत, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांतच शाळेचा निर्णय झाला. एकाच दशकात, एकाच सरकारने, दोन निर्वासित समूहांना दोन तऱ्हांनी वागविले. एकाच्या बाबतीत मुलाचा विचार झाला, दुसऱ्याच्या बाबतीत फक्त कुटुंबप्रमुखाच्या एकरांचा.

दोन बंदुकांमधली शाळा

आता गडचिरोलीकडे वळू. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी या भागात आले. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासूनच्या रक्तपाताचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, एवढा एक प्रसंग आठवला तरी त्याची तीव्रता कळते. पोलिसांच्या घरची मुले पोरकी झाली, खबरे ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची झाली, चकमकीत मेलेल्यांचीही झाली. या तिन्ही प्रकारच्या मुलांचे दुःख सारखेच आहे, पण त्यांच्या वाट्याला येणारे साहाय्य सारखे नाही.

सीमेपलीकडे बस्तरात तर याहून बिकट अवस्था होती. २००५ च्या जूनमध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले आणि शेकडो गावे रिकामी झाली. काहींना रस्त्यालगतच्या छावण्यांत ठेवले गेले, हजारो लोक पळून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, खम्मम व वरंगळच्या जंगलांत गेले. माओवाद्यांनी शाळांच्या पक्क्या इमारती उडवून दिल्या, कारण त्यांत सुरक्षा दले मुक्काम करीत. सुरक्षा दले शाळांत मुक्काम करीत, कारण दुसरी पक्की इमारत नसे. माओवाद्यांनी मुलांच्या संघटना बांधून त्यांना निरोप्याच्या कामाला लावले. या भांडणात शाळा ही वास्तू दोन्ही पक्षांना हवी होती, मुलांखेरीज कोणासाठीही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नंदिनी सुंदर खटल्यात शाळा मोकळ्या करण्याचे आदेश दिले आणि ५ जुलै २०११ च्या निकालाने विशेष पोलीस अधिकाऱ्यांच्या हाती बंदुका देण्याची ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. मोडलेल्या शाळांच्या जागी दंतेवाडा भागात बांबूच्या निवासी शाळा उभारण्यात आल्या. तेथील लोक त्यांना ‘पोटा केबिन’ म्हणतात. उपाय तात्पुरता होता, त्यात उणिवाही होत्या, परंतु शाळा हेही तातडीच्या साहाय्याचे अंग आहे, हे त्यातून प्रथमच मान्य झाले.

पळून गेलेल्या त्या लोकांना तेलंगणात ‘गुत्ती कोया’ म्हणतात. छत्तीसगडमध्ये ते अनुसूचित जमातीचे आहेत, तेलंगणात स्थलांतरित म्हणून त्यांना तो दर्जा मिळत नाही, कारण जमातींची यादी राज्यागणिक असते. चंद्रपूरच्या बंगाली मुलाची आणि या माडिया-मुरिया मुलाची अडचण शब्दशः एकच आहे. एक देशाची सीमा ओलांडून आला, दुसरा राज्याची, आणि दोघांचाही कागद सीमेवरच राहिला.

आपल्या बाजूला आशेचेही एक उदाहरण आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला आणि १९७६ मध्ये निवासी शाळा निघाली. नक्षलवादी या भागात येण्याच्या आधीपासूनची ही शाळा पुढची चाळीस वर्षे दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सुरू राहिली आणि तिच्यातून माडिया समाजातील डॉक्टर, शिक्षक, वकील निघाले. मुलांना शिकवायचे असा पक्का निर्धार असेल तर संघर्षाच्या काळातही शाळा चालू शकते, याचा हा सज्जड पुरावा होय.

खर्चाचा आक्षेप

अशा योजनांवर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. चार घरांच्या पाड्यावर सात मुलांसाठी शिक्षक ठेवणे परवडत नाही, असे प्रशासन म्हणते. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळां’त सामावून घेण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हाही युक्तिवाद हाच होता. दर विद्यार्थ्यामागील खर्च हे परिमाण शहरात ठीक आहे. संघर्षग्रस्त भागात ते फसवे ठरते, कारण तेथील पट कमी असण्याचे कारण खुद्द संघर्षच आहे. भीतीमुळे मुले शाळा सोडून गेली, म्हणून पट घटला, आणि पट घटला म्हणून शाळा बंद केली, तर भीतीने अर्धवट टाकलेले काम प्रशासन पूर्ण करते असा त्याचा अर्थ होतो.

अर्थशास्त्रात या विषयाला भक्कम आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान यांचे कारखाने, पूल, घरे जमीनदोस्त झाली होती, तरी ते देश अपेक्षेपेक्षा फार लवकर सावरले. असे का झाले, या प्रश्नाचा विचार करताना थिओडोर शुल्ट्झ या निष्कर्षाला आले की, यंत्रे नष्ट झाली तरी माणसांतील ज्ञान व कौशल्य शिल्लक होते आणि ते आपण भांडवलात मोजतच नव्हतो. १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा सिद्धांत उलट बाजूने वाचला तर गडचिरोलीविषयी इशारा मिळतो. तेथे उद्या पोलादाचे कारखाने उभे राहतील, पण स्थानिक तरुणांची शालेय वर्षे वाया गेलेली असतील, तर त्यांच्या वाट्याला पहारेकऱ्याचे व हमालाचे काम येईल आणि कुशल कामे बाहेरच्यांकडे जातील. ज्या असंतोषातून बंदूक आली, त्याचीच पेरणी पुन्हा होईल.

जागतिक साहाय्यातही हीच चूक दिसते. मानवतावादी मदतीच्या एकूण रकमेत शिक्षणाचा वाटा अलीकडच्या वर्षांत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. अन्न व औषध आधी हवे हे खरे, पण निर्वासितांची छावणी दोन महिन्यांत मोडत नाही, ती वर्षानुवर्षे राहते, आणि मुलाचे बालपण तेवढेच असते. उशिरा आलेले धान्य निदान पुढच्या महिन्यात उपयोगी पडते. गेलेले आठवे वर्ष अठराव्या वर्षी परत देता येत नाही.

काय करता येईल

या परिस्थितीत नवा कायदा हवा असे नाही. भारताने बालहक्कांचा करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. त्यात निर्वासित मुलांना संरक्षण देण्याचे व सशस्त्र संघर्षाला बळी पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करण्याचे बंधन आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. पाचव्या कलमानुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, आणि चौदाव्या कलमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत मुलाला आणण्याचे काम कोणाचे, एवढेच ठरवायचे आहे.

यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गडचिरोली जिल्ह्यातील व सीमेपलीकडून आलेल्या सहा ते अठरा वयोगटातील मुलांची पाहणी व्हावी. तीत आईवडील हयात आहेत की नाहीत एवढेच न विचारता, किती शालेय वर्षे बुडाली हेही विचारावे. आज हिंसाचारग्रस्त मुलांना मिळणारे साहाय्य प्रायः पालकाच्या मृत्यूशी किंवा अपंगत्वाशी जोडलेले असते. पालक जिवंत असून गाव सुटलेले मूल त्यात बसत नाही. दुसरी, संघर्षग्रस्त तालुक्यांतील एकही शाळा पुढील दहा वर्षे पटसंख्येच्या कारणाने बंद करू नये. तिसरी, माडिया व गोंडी बोलणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक वर्गांसाठी नेमावे. वळिवडे आणि बनगाव यांचा अनुभव हेच सांगतो. चौथी आणि सर्वांत कठीण, कागदांची. शासनाने ज्यांना स्वतः आणून वसविले त्यांच्याकडे १९५० चा पुरावा मागणे थांबवून, वसाहतीची सरकारी नोंद हाच पुरावा मानावा. यादीचा प्रश्न संसदेच्या कक्षेतला आहे, त्यासाठी राज्याने शिफारस करावी. तो सुटेपर्यंत निदान शिष्यवृत्ती व वसतिगृह यांसाठी ‘विस्थापित कुटुंबातील विद्यार्थी’ असा वेगळा रकाना राज्याला आपल्या अधिकारात निर्माण करता येईल. महाराष्ट्र, छत्तीसगड व तेलंगण या तीन राज्यांनी परस्परांच्या शालेय नोंदी मान्य करण्याचा साधा करार केला, तर हजारो मुलांची अडचण दूर होईल.

या सवलतींमुळे बाहेरचे लोक आकृष्ट होतील, अशी भीती काही जण व्यक्त करतात. घर जळाल्याशिवाय, माणसे मारली गेल्याशिवाय कोणी मुलाबाळांसह जंगल तुडवीत परमुलखात जात नाही. आणि जो आला आहे त्याचे मूल अशिक्षित ठेवल्याने तो परत जातो, असा अनुभव कोठेही नाही. तो येथेच राहतो, फक्त अधिक दरिद्री होऊन.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी कालपर्यंत शत्रू असलेल्या ऑस्ट्रियातील उपाशी मुलांसाठी लंडनमध्ये पत्रके वाटली, तेव्हा त्यांना अटक झाली आणि दंड झाला. त्यांनी उभारलेल्या चळवळीतून पुढे बालहक्कांची पहिली जागतिक घोषणा निघाली. शत्रूच्या मुलालाही शत्रू मानू नये, हे तत्त्व जगाने तेव्हापासून निदान शब्दांत तरी मान्य केले आहे. गडचिरोलीत आता शत्रूही शस्त्र टाकून परतला आहे आणि शासन त्याचे स्वागत करीत आहे. त्याच रांगेत, काहीही न टाकता आणि काहीही न मागता, काही हजार मुले उभी आहेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा त्यांतील किती नावे पटावर चढतात, यावरच या शांततेचे मोल ठरेल.